लाल थराखालचे शहर : कोलचेस्टरमधील रोमन अवशेष कसे वाचले जातात

कोलचेस्टरच्या जुन्या भागात इमारतीचा पाया खणायला घेतला, की खाली जाताना मातीचा रंग बदलत जातो. वर आधुनिक भराव असतो, त्याखाली मध्ययुगातील काळपट माती, आणि त्याखाली रोमन काळातील चुना, कौले आणि विटा यांचा चुरा. आणखी खाली गेले, की अनेक ठिकाणी माती एकाएकी विटकरी लाल होते. हा लाल थर काही जागी अर्धा मीटर जाडीचा आहे. त्यात भाजून घट्ट झालेल्या भिंतींचे तुकडे, कोळसा, वितळलेली काच आणि जळून काळे पडलेले धान्य सापडते. या शहराचा इतिहास ज्या पुराव्यांवर उभा आहे, त्यांत सोन्याचे दागिने आहेत, कोरीव दगड आहेत, भव्य भिंती आहेत. तरीही या लाल मातीला मी सर्वांत वरचे स्थान देईन, कारण बाकी सगळ्या वस्तूंचा काळ ठरवताना तिचाच आधार घ्यावा लागतो.

कोलचेस्टर हे इंग्लंडच्या पूर्व भागात, एसेक्स परगण्यात, लंडनच्या ईशान्येला आहे. रोमन येण्यापूर्वी तेथे कामुलोडुनम नावाची मोठी वसाहत होती. कामुलोस हा केल्टिक युद्धदेव, आणि कामुलोडुनम म्हणजे त्याचा कोट. क्युनोबेलिन हा राजा तेथून राज्य करीत असे आणि त्याच्या नाण्यांवर धान्याचे कणीस आणि गावाच्या नावाची आद्याक्षरे उमटवलेली असत. इसवी सन ४३ मध्ये रोमन सम्राट क्लॉडियस याच्या सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली. कामुलोडुनम घेण्याच्या वेळी क्लॉडियस स्वतः तेथे आला आणि अवघे सोळा दिवस ब्रिटनमध्ये राहून परतला. वसाहतीशेजारी विसाव्या लीजनची, म्हणजे काही हजार सैनिकांच्या पलटणीची, छावणी उभी राहिली. पुढे ही पलटण पश्चिमेकडील मोहिमेवर गेली, तेव्हा इसवी सन ४९ मध्ये त्या छावणीच्या जागी निवृत्त सैनिकांसाठी नगर वसवण्यात आले. सैनिकांच्या बराकींतच फेरफार करून घरे आणि दुकाने केली गेली आणि छावणीभोवतीचा तट आता नको म्हणून सपाट करण्यात आला. हा तट पाडण्याचा निर्णय पुढे फार महागात पडला.

निवृत्त सैनिकांनी आसपासच्या ट्रिनोव्हँटीज लोकांच्या जमिनी बळकावल्या, त्यांना घरांतून हुसकले आणि गुलामांसारखे वागवले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस यानेच लिहून ठेवले आहे. क्लॉडियसला मृत्यूनंतर देवत्व देण्यात आले होते, आणि नगरात त्याचे भव्य मंदिर उभे होते. स्थानिकांना ते मंदिर कायमच्या गुलामगिरीचा बालेकिल्ला वाटे, हेही टॅसिटसच सांगतो. शेजारच्या आइसीनी जमातीचा राजा प्रासुटागस मरण पावला, तेव्हा रोमन अधिकाऱ्यांनी त्याचे राज्य लुटले, त्याची राणी बूडिका हिला फटके मारले आणि तिच्या मुलींवर अत्याचार केले. इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये बूडिकेच्या नेतृत्वाखाली आइसीनी आणि ट्रिनोव्हँटीज उठले आणि त्यांचा पहिला घाला तट नसलेल्या या नगरावर पडला. नगराने मदत मागितली, पण जेमतेम दोनशे माणसे आली. उरलेले लोक मंदिरात कोंडून घेऊन दोन दिवस लढले आणि त्यानंतर मंदिरही पडले. पुढे लंडन आणि आजचे सेंट अल्बन्स ही नगरेही अशीच जळाली.

हे सारे ग्रंथात आहे. पण ग्रंथातील आग आणि जमिनीतील लाल थर यांचा संबंध आहे, हे सिद्ध कसे होते?

यासाठी थर वाचण्याची रीत समजून घ्यावी लागते. माणसे जेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तेथील जमीन हळूहळू उंचावत जाते. आपल्याकडे गावाच्या जमिनीला काळी आणि पांढरी अशी दोन नावे आहेत. काळी ती पिकाची आणि पांढरी ती वस्तीची. चुलींची राख, पडक्या भिंतींची माती आणि शेणमाती साचून वस्तीची जमीन वेगळीच होते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणतेही शास्त्र न शिकता ठाऊक होते. पुरातत्त्वज्ञ याच निरीक्षणाला शिस्त लावतो. मधे कोणी खड्डा खणून उलथापालथ केलेली नसेल, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा पहिला नियम. कोणताही थर त्यात सापडलेल्या सर्वांत नव्या वस्तूहून जुना असू शकत नाही, हा दुसरा. जुने घर पाडताना फरशीखाली १९५० सालचे नाणे मिळाले, तर ती फरशी १९५० च्या आधी बसवलेली नाही एवढे निश्चित होते. ती किती नंतरची आहे, हे मात्र नाण्यावरून कळत नाही; त्यासाठी तिच्या वरच्या थरातील वस्तू पाहाव्या लागतात.

कोलचेस्टरच्या लाल थरात आणि त्याखाली मिळणारी नाणी क्लॉडियस आणि त्याच्यानंतरचा नीरो यांच्या काळापर्यंत येऊन थांबतात. नाण्यांपेक्षाही उपयोगी पडतात ती गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, बनलेली लाल चकचकीत भांडी, कारण त्यांच्यावर कुंभारांचे शिक्के असत आणि कोणता कुंभार कधी काम करीत होता हे युरोपभरच्या शोधांवरून बरेचसे ठरलेले आहे. हाय स्ट्रीटवर अशा भांड्यांच्या दुकानाचे अवशेष मिळाले. आगीच्या दिवशी ती भांडी विक्रीसाठी मांडलेली होती. शहराच्या निरनिराळ्या भागांत, एकमेकांपासून दूर खणलेल्या खड्ड्यांत, त्याच काळाची खूण सांगणारी तीच जळकी माती मिळते. एखाद्या घराला लागलेली आग असा शहरभर पसरलेला थर मागे ठेवत नाही.

हा थर लाल का आहे, याचे कारण घरांच्या बांधणीत आहे. बराकींच्या भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या आणि मातीने लिंपलेल्या कुडाच्या होत्या. अशी भिंत पडली आणि पावसात भिजली, की ती पुन्हा माती होते आणि मागे जवळपास काही उरत नाही. पण आग लागली, तर तीच भिंत भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघते आणि तिच्यावर कुडाच्या काठ्यांचे आणि फळ्यांचे ठसे कायमचे राहतात. म्हणजे ज्या आगीने नगर संपवले, तिनेच त्याचा पुरावा टिकवला. धान्य आणि फळे मातीत एरवी कुजून जातात, पण जळून कोळसा झाली की दोन हजार वर्षे टिकतात. लायन वॉक या भागातील उत्खननात जळलेला खजूर मिळाला, आणि एका खोलीत बिछान्याचे जळके अवशेष मिळाले. खजूर ब्रिटनमध्ये पिकत नाही. नगर वसून जेमतेम दहा-बारा वर्षे झाली असताना कोणाच्या तरी घरात भूमध्य समुद्राकडून आणलेला खजूर होता, एवढी एक गोष्ट त्या नगराचा सारा व्यापार डोळ्यांपुढे उभा करते.

२०१४ मध्ये हाय स्ट्रीटवरील एका मोठ्या दुकानाच्या नूतनीकरणापूर्वी कोलचेस्टर आर्किऑलॉजिकल ट्रस्टने तेथे खोदकाम केले. अनेक महिन्यांच्या कामाच्या अखेरीस एका जळलेल्या घराच्या जमिनीत लहानसा खड्डा दिसला आणि त्यात दागिने होते. पुरातत्त्वज्ञांनी ते जागेवर वेचून काढले नाहीत. आसपासच्या मातीसकट अख्खा गोळा उचलून प्रयोगशाळेत नेला आणि तेथे कणाकणाने माती दूर केली. त्यातून सोन्याची तीन कडी, चांदीची साखळी, चांदीची कंकणे, एक जाड चांदीचे कडे, नाण्यांची छोटी पिशवी आणि दागिन्यांची एक डबी निघाली. डबीत सोन्याच्या कर्णभूषणांच्या दोन जोड्या आणि चार अंगठ्या होत्या. बूडिकेची फौज जवळ आली तेव्हा घरातील कोणीतरी हे घाईने जमिनीत पुरले आणि ते काढायला पुन्हा कोणी आले नाही, हाच अर्थ सर्वांत सयुक्तिक वाटतो.

या दागिन्यांची छायाचित्रे सर्वत्र छापून आली आणि ते स्वाभाविकच आहे. मला मात्र त्याच जागी मिळालेल्या दुसऱ्या गोष्टी अधिक बोलक्या वाटतात. खोलीच्या जमिनीवर खजूर, अंजीर, गहू आणि वाटाणे पडलेले होते, जळून काळे झालेले. खाण्यासाठी साठवलेले ते अन्न कोणाच्या मुखात गेले नाही. आणि त्या जागेच्या परिसरात माणसाच्या जबड्याचा आणि नडगीच्या हाडाचा तुकडा मिळाला, त्यांवर जड धारदार शस्त्राचे घाव होते. टॅसिटसने कत्तलीचे वर्णन केले आहे खरे, पण तो विजेत्या साम्राज्याचा लेखक होता आणि त्याच्या आकड्यांवर कितपत विसंबावे हा प्रश्न नेहमीच राहतो. त्या नडगीवरचा घाव मात्र कोणाच्या लेखणीतून आलेला नाही.

ग्रंथातील गोष्ट जमिनीवर लादण्याचा मोह किती घातक असतो, याचेही उदाहरण याच शहरात आहे. १९२८ मध्ये लाँगिनस नावाच्या घोडेस्वाराचा स्मृतिशिळेचा दगड सापडला. शिळेवरील लेखानुसार तो आजच्या बल्गेरियातील सोफियाजवळचा, वय ४०, नोकरी १५ वर्षांची. शिळेवर तो घोड्यावर आरूढ आहे आणि घोड्याच्या टापांखाली एक उघडा, अंग आक्रसलेला ब्रिटन माणूस आहे. सापडला तेव्हा दगड भंगलेला होता आणि लाँगिनसचा चेहरा जागेवर नव्हता. चित्रच असे, की निष्कर्ष जणू हातात आयता आला : बंडखोरांनी जेत्याचा चेहरा रागाने फोडला. कित्येक दशके हीच कथा सांगितली गेली. १९९६ मध्ये त्याच जागी पुन्हा खोदकाम झाले, तेव्हा चेहऱ्याचा हरवलेला तुकडा मातीत मिळाला. म्हणजे ती मोडतोड बहुधा १९२८ मध्ये दगड बाहेर काढतानाच झाली होती आणि तो तुकडा तेव्हा कोणाच्या लक्षात आला नव्हता. आज शहराच्या संग्रहालयात तो चेहरा पुन्हा जागेवर बसवलेला दिसतो.

ते संग्रहालय ज्या किल्ल्यात आहे, तो किल्ला हाच एक मोठा पुरावा आहे. फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन राजांनी १०७६ च्या सुमारास बांधायला घेतलेला हा बुरुजवाडा सुमारे ४६ मीटर लांब आणि ३३ मीटर रुंद आहे. युरोपात उरलेल्या नॉर्मन बुरुजवाड्यांत तो आकाराने सर्वांत मोठा मानला जातो. एवढा मोठा का, याचे उत्तर त्याच्या पायात आहे. क्लॉडियसच्या मंदिराचे जोते तेथे तयार होते आणि नॉर्मन गवंड्यांनी त्याला बाहेरून भिंतींचा वेढा देऊन आपली इमारत उभी केली. एसेक्समध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, म्हणून किल्ल्याच्या भिंतींत रोमन विटा आणि कौले सर्रास वापरलेली आहेत. शहरातील जुन्या चर्चच्या मनोऱ्यांत आणि सेंट बोटॉल्फच्या मठाच्या पडक्या कमानींतही त्याच विटा दिसतात.

जोत्याची रचना पाहण्याजोगी आहे. रोमन कारागिरांनी जाड पायाभिंती घातल्या, मधल्या पोकळीत वाळू ठासून भरली आणि त्या वाळूवरच चुन्याच्या काँक्रीटचे घुमट ओतले. ओझे पेलणारे काम भिंतींचे, वाळूचे काम केवळ साच्याचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका व्यापाऱ्याने विटा-दगड विकण्यासाठी किल्ला विकत घेतला आणि तो पाडायला सुरुवात केली. त्याच काळात जोत्यात बोगदे खणून आतली वाळू काढली गेली. किल्ला पूर्ण पाडणे त्याला परवडले नाही, पण वाळू गेल्यामुळे ते रोमन घुमट मोकळे झाले आणि आज पर्यटक त्यांच्याखालून फिरू शकतात. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे हे सारे नॉर्मनांचेच काम समजले जात होते. हे क्लॉडियसच्या मंदिराचे जोते आहे, हे १९२० च्या सुमारास ओळखले ते मॉर्टिमर व्हीलर आणि फिलिप लेव्हर यांनी.

व्हीलर हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नसावे. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे महासंचालक होते आणि थर काटेकोरपणे वाचण्याची पद्धत त्यांनी येथील उत्खननांत आग्रहाने रुजवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची परंपरा उभी करणारे ह. धी. सांकलिया इंग्लंडमध्ये विद्यार्थी असताना व्हीलर यांच्याच मेडन कॅसल येथील उत्खननात शिकले होते. रोमन घडणीची पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती ज्या ठिकाणी मिळाली, त्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन १९४०च्या दशकात सांकलियांनी केले.

बंड मोडल्यानंतर नगर पुन्हा उभारले गेले आणि आता मात्र त्याला तट घालण्यात आला. साधारण इसवी सन ६५ ते ८० या काळात बांधलेला सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा हा तट ब्रिटनमधील सर्वांत जुना नगरतट मानला जातो आणि त्याचा बराच भाग अजून उभा आहे. किनाऱ्यालगतच्या चिकणमातीत मिळणारे दगडी गोळे आणि मधून मधून कौलांच्या आडव्या ओळी, अशी त्याची घडण आहे. पश्चिमेकडील बाल्कर्न गेट हा ब्रिटनमधील सर्वांत मोठा टिकलेला रोमन दरवाजा. नीट पाहिले तर त्यात दोन बांधकामे दिसतात : गाड्यांसाठीच्या मधल्या दोन कमानी आधीच्या विजयकमानीच्या आहेत आणि तट बांधताना ती कमान त्यात सामावून घेतली गेली.

अवशेष उभे असले, तर ते ओळखणे तुलनेने सोपे असते. २००४ चा शोध याच्या उलट होता. शहराच्या दक्षिणेला लष्करी छावणीच्या जमिनीवर नवी घरे होणार होती, म्हणून तेथे आधी खोदकाम चालू होते. निरनिराळ्या ठिकाणी काही मीटरांच्या अंतराने जाणारे दोन समांतर चर दिसू लागले. त्या चरांत भिंती नव्हत्या. होता तो केवळ चुन्याचा आणि दगडांचा चुरा. याला लुटलेला पाया म्हणावे. रोमन काळ संपल्यावर लोकांनी दगड-विटा नेण्यासाठी पायाच्या कडेने चर खणला, कामाचे सारे काढून नेले आणि नको असलेला चुरा त्यातच लोटून दिला. भिंत गेली, पण ती जेथे होती तेथे वेगळ्या रंगाच्या मातीची रेघ राहिली, आणि ती रेघ भिंतीइतकीच सरळ आणि भिंतीइतकीच रुंद असते. ट्रस्टचे फिलिप क्रमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विखुरलेल्या रेघा एका नकाशावर जोडून पाहिल्या, तेव्हा सुमारे ४५० मीटर लांबीचा, दोन्ही बाजूंना प्रेक्षकांचे उतरते सज्जे असलेला आकार तयार झाला. ते रथांच्या शर्यतींचे मैदान होते, ज्याला रोमन लोक सर्कस म्हणत. ब्रिटनमध्ये अशी दुसरी सर्कस आजवर सापडलेली नाही. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची ही बांधणी आहे. प्रेक्षकांच्या संख्येचे अंदाज ८,००० पासून १५,००० पर्यंत जातात. रथ सुटण्याच्या आठ दरवाजांचे पायेही पुढे मिळाले. शहराखाली एवढी प्रचंड वास्तू असूनही तिची आठवण कोणत्याही ग्रंथात उरलेली नव्हती. ती केवळ मातीच्या रंगातील फरकावरून परत मिळाली.

जुनी वस्तू नव्याने तपासली तरी इतिहास बदलू शकतो. १८५३ मध्ये एका कबरीत सापडलेल्या मातीच्या कलशावर मेमनन आणि व्हॅलेंटिनस या दोन ग्लॅडिएटरांची लढत उठावात आहे आणि त्यांची नावे कोरलेली आहेत. ही नावे भांडे भाजून झाल्यावर कोणीतरी ओरखडली असतील, असा समज दीर्घकाळ होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की कलश स्थानिक मातीचा आहे आणि अक्षरे भाजण्यापूर्वी, माती ओली असतानाच, कोरलेली आहेत. हा फरक वरवर बारीक वाटतो. पण भांडे घडवतानाच नावे घातली गेली, याचा अर्थ ते एका विशिष्ट लढतीची आठवण म्हणून मुद्दाम बनवून घेतले होते, आणि मग अशा झुंजी कोलचेस्टरमध्येच होत असत या म्हणण्याला बळकट आधार मिळतो.

या साऱ्या शोधांमागे एक व्यवस्था आहे. वस्तीच्या शहरात पुरातत्त्वज्ञाला हवे तेथे खणता येत नाही. जेथे दुकान, घर किंवा रस्ता होणार असतो तेथेच त्याला संधी मिळते. १९९० पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणात असे आहे, की बांधकामामुळे जमिनीतील अवशेषांना धक्का लागणार असेल तर बांधणाऱ्याने आधी तपासणी करून घ्यावी, गरज पडल्यास उत्खननाचा खर्च सोसावा, आणि शक्य असेल तेथे अवशेष जागेवरच सुरक्षित ठेवावेत. या शेवटच्या अटीमागचे कारण ध्यानात घ्यायला हवे : उत्खनन म्हणजे थर कायमचा उचलणे. एकदा खणलेला थर दुसऱ्यांदा खणता येत नाही. त्यानंतर उरतात ती टिपणे, नकाशे आणि पिशव्यांत भरलेले नमुने. उद्याच्या संशोधकाकडे आजच्यापेक्षा चांगली साधने असतील, म्हणून काही जमीन त्याच्यासाठी राखून ठेवणे हेही आजचेच काम ठरते.

शहराच्या पूर्व भागातील फर्स्टसाइट हे कलादालन याच विचाराने बांधले गेले. त्याची जागा संरक्षित असल्याने खोल पाया घेण्याची परवानगी नव्हती, म्हणून २०११ मध्ये खुली झालेली ती इमारत काँक्रीटच्या उथळ तराफ्यावर उभी आहे. याच परिसरात १९२३ मध्ये एका रोमन घराची मोझेक फरशी सापडली होती आणि ती अनेक वर्षे किल्ल्यातील संग्रहालयात होती. कलादालन झाल्यावर ती आपल्या मूळ ठिकाणाच्या जवळ परत आली. आता ती दालनाच्या जमिनीत काचेखाली बसवलेली आहे आणि चित्रे पाहायला आलेली माणसे तिच्याजवळ आली की मान खाली घालून थांबतात.